माझ्या पोटातले पांढरे व्हिनेगर

मित्रांनो, जरा हळू बोला, मला दचकायला होते. काच आहे मी, आणि त्यातून वय झालेले. हिरव्या जाड काचेची एक जुनी बाटली म्हणून तुम्ही मला ओळखू शकता. गळा अरुंद, बूड जड आणि खांद्यावर बोटभर लांबीचा ओरखडा. ओरखडा कसा पडला ते विचारू नका, त्या आठवणीने अजून अंगावर काटा येतो. लोक म्हणतात, बाटलीला कसली आली आहे काळजी! त्यांना काय ठाऊक. आपल्या पोटात काय भरायचे हे ज्याच्या बाबतीत दुसराच कोणी ठरवतो, त्याला काळजीशिवाय दुसरे काम तरी काय असणार?

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. डोळे उघडले ते थेट भट्टीसमोर. जन्मतःच एवढा जाळ पाहिल्यामुळे माझा स्वभाव घाबरट झाला असावा. गार झाल्यावर मला गवतात गुंडाळून खोक्यात घातले आणि दूर एका मळ्यावर पाठवले. तिथे द्राक्षांचे लाल व्हिनेगर तयार होत असे. ते माझ्या पोटात भरले, वर बूच बसवले आणि अंगावर द्राक्षाच्या घडाचे चित्र असलेला कागद चिकटवला. तो कागद मला फार शोभत असे. आता त्याच्या जागी नुसता डिंकाचा एक डाग उरला आहे.

दुकानाच्या फळीवरून मला उचलले ते मामींनी. मामी आणि मामा यांचे भाजलेल्या मटणाचे एक लहानसे दुकान होते. पुढे सहा टेबले, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे अंगण. अंगणात निखाऱ्यांची भट्टी. सारी गल्ली मामांना भट्टीमामा म्हणत असे. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जायची. तिला सगळे ताई म्हणायचे, अगदी तिच्याहून मोठी माणसेसुद्धा, कारण ती तेव्हापासूनच सगळ्यांना कामाला लावत असे.

माझ्यातले पहिले व्हिनेगर संपले तेव्हा माझ्या काळजात धस्स झाले. रिकाम्या बाटल्या दाराबाहेर पोत्यात जाताना मी पाहिल्या होत्या. पण मामींनी मला धुतले, उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "ही टाकायची नाही हं. हिची धार फार छान पडते." तेव्हापासून नवी बाटली आली की तिच्यातले व्हिनेगर माझ्यात ओतायचे आणि तिला पोत्यात टाकायचे, अशी त्या घराची रीतच पडली. मला त्या नव्या बाटल्यांची दया यायची. पण खरे सांगू का, बरेसुद्धा वाटायचे.

आता माझे काम काय, ते सांगते. रोज सकाळी मामा तामचिनीच्या मोठ्या पातेल्यात मटणाचे तुकडे घेत. त्यात मीठ, ठेचलेला लसूण, कांद्याचा रस, भरडलेले मिरे आणि तेल घालत. मग माझी पाळी येई. व्हिनेगरने मटण मऊ होते आणि मसाला आतपर्यंत शिरतो. पण हे आंबट नेमके पडावे लागते. कमी पडले तर मटण चिवट राहते, चावून चावून जबडा दुखतो. जास्त झाले तर विस्तवावर जायच्या आधीच मटण वरून शिजल्यासारखे पांढरे पडते, आणि तोंडात घातले की भुगा. सकाळी घातलेले मटण दुपारपर्यंत मुरत असे, आणि तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असे. इतकी वर्षे एकदाही चुकले नाही, तरीसुद्धा.

चुकत नसे ते मामांच्या नाकामुळे. ओतण्याआधी ते माझे बूच काढत, मला नाकाशी धरत आणि एक लांब श्वास घेत. त्या क्षणी त्यांचे डोळे आपोआप मिटत. मग ते म्हणत, "आज जरा कडक आहे," आणि हात आखडता घेत. किंवा म्हणत, "पाणचट झालंय," आणि आणखी दोन धारा सोडत. जिभेला म्हणून ते कधी व्हिनेगर लावत नसत. पलीकडच्या गल्लीतला एक आचारी बोट बुडवून चाखायचा, त्याची मामा भरपूर थट्टा करत. "जिभेला व्हिनेगर लावतो तो शिकाऊ," असे ते चारचौघांत ऐकवत आणि स्वतःच्या नाकावर टिचकी मारत. त्या नाकाचा त्यांना फार अभिमान होता. गिऱ्हाईकही म्हणायचे की मामांचे नाक म्हणजे नाक आहे. माझी मान उगीचच ताठ व्हायची.

पुढे मामी गेल्या. ताई मोठी झाली आणि दुकानाचा बराचसा कारभार तिने अंगावर घेतला. मटण मुरत घालायचे काम मात्र मामांचेच राहिले. त्याला कोणी हात लावत नसे.

मग एका थंडीत मामांना ताप आला. दुकान बरेच दिवस बंद होते. मी खिडकीच्या कट्ट्यावर धूळ खात पडले होते. माझ्या गळ्याभोवती कोळ्याने जाळे विणले आणि त्याला हाकलणारेही कोणी नव्हते. मामा परत येतात की नाही, या विचाराने मी अर्धी झाले होते. अखेर ते आले, भिंतीचा आधार घेत. त्यांनी मला पुसले, बूच काढले आणि नेहमीसारखे नाकाशी धरले.

त्यांचे डोळे मिटले नाहीत.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. मग माझे तोंड जवळजवळ नाकपुडीत खुपसले. आत द्राक्षाचे लाल व्हिनेगर होते, चांगले झणझणीत. नाकात थोडेसे चुरचुरले असेल, पण वास म्हणून काहीच पोचला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. लसूण हुंगला, मिरे हुंगले, शेवटी स्वतःची बाही हुंगली. मग ते मला हातात घेऊनच पाटावर बसले.

त्यांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. त्या दिवसापासून ते मला नाकाशी धरत, पण श्वास घेत नसत. मला ते अगदी जवळून कळायचे, कारण माझ्या तोंडावरून वारा जातच नसे. रिकामा वास पुन्हा पुन्हा घ्यायला त्यांना भीती वाटत असावी. ताई समोर असली की ते मान डोलावत, "छान आहे," म्हणत, आणि हाताच्या सवयीने ओतत. लाल व्हिनेगर त्याच मळ्यावरचे, तेच माप, त्यामुळे सगळे सुरळीत चालले होते. पण माझी झोप उडाली होती. मामांना वाटे, हे कळले तर ताई आपल्याला मायेने एका खुर्चीत बसवील आणि पातेले काढून घेईल. मामी गेल्यावर त्यांच्या हातात ते एक पातेलेच उरले होते.

आणि मग लाल व्हिनेगर मिळेनासे झाले. मळ्याच्या म्हाताऱ्या मालकाने काम बंद केले होते. ताई चार दुकाने फिरली आणि शेवटी पांढऱ्या व्हिनेगरचा एक प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आली.

"बाबा, लाल आता विसरा," ती म्हणाली. "हे पांढरं आहे. पण दुकानदाराने बजावून सांगितलंय, असंच वापरायचं नाही. एक भाग हे आणि तीन भाग पाणी. मी कालवून तुमच्या बाटलीत भरून ठेवते. तुम्ही नेहमीच्या मापाने घाला."

"बरं," मामा म्हणाले.

मी मात्र बरे म्हणाले नाही. जन्मभर लाल पोटात वागवलेल्या बाटलीला पांढरे पचेल का, हीच मला धास्ती. आणि मित्रांनो, सगळे नेमके त्याच दिवशी व्हायचे होते, ज्या दिवशी दुकानात चाळीस माणसांचे जेवण होते. बस आगारातले एक ड्रायव्हरकाका त्या दिवशी नोकरीतून निवृत्त होणार होते. गेली कित्येक वर्षे दर आठवड्याला ते मामांच्या हातचे मटण खायला येत. निरोपाचे जेवण दुसरीकडे कुठे नको, इथेच हवे, असे त्यांनी आगारात ठणकावून सांगितले होते.

सकाळी ताईने एक मोठा जग धुऊन ओट्यावर ठेवला. माप म्हणून तिने मलाच घेतले. एक बाटली कॅनमधले व्हिनेगर, मग तीन बाटल्या पाणी, असा तिचा हिशेब. नरसाळे लावून तिने मला कॅनमधून काठोकाठ भरले. बाई ग, काय ते जहाल! माझ्या आतली काच गारठून गेली. आता ही मला त्या जगात रिकामी करील आणि या संकटातून सोडवील असे वाटतेय, एवढ्यात पुढच्या दारातून पाववाल्याने हाक मारली. पाव कमी आणले होते. ताई सवयीने मला बूच लावून, पदर खोचून तरातरा बाहेर गेली. मी तशीच, पाण्याचा थेंब न घातलेले व्हिनेगर पोटात घेऊन ओट्यावर उभी.

मामा अंगणातून आत आले. त्यांनी मला भरलेली पाहिली आणि उचलली. माझ्या तोंडचे पाणीच पळाले. अहो मामा, थांबा, जगाकडे बघा, तो रिकामा आहे! पण जग नुकताच धुतलेला होता, आतून ओला दिसत होता, जणू त्यात कालवूनच मला भरले असावे. मला घेऊन ते अंगणात गेले. भट्टी नुकतीच पेटवली होती, ओल्या कोळशाचा धूर सगळीकडे भरला होता आणि त्यांचे डोळे आधीच चुरचुरत होते. मी नाकाला झोंबले असते, तर ते त्या धुराच्या नावावर गेले असते.

तेवढ्यात ताई पावांची टोपली काखेत घेऊन दाराशी आली आणि एकदम थबकली.

"बाबा, मी त्यात पाणी घातलं होतं ना? या पाववाल्याच्या नादात माझ्या लक्षातच नाही. जरा वास घेऊन बघा."

मला वाटले, सुटले. आता ताई स्वतः येईल. पण ती पुढे म्हणाली, "मला काय, सगळंच व्हिनेगर उग्र वाटतं. तुमचं नाक असताना मी कशाला नाक खुपसू?"

मामांनी माझे बूच काढले. मला नाकाशी धरले. माझ्या तोंडावरून वाऱ्याची झुळूकही गेली नाही. त्यांनी मान डोलावली.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"अगं, ठीक आहे म्हटलं ना."

ताई निर्धास्त होऊन आत गेली. आणि मामांनी मला उपडे केले. त्या धारेची मामी स्तुती करायच्या. त्या दिवशी ती धार पडताना मला फुटून जावेसे वाटले. पण बाटली स्वतःहून फुटू शकत नाही. नेहमीच्या मापाने मामांनी मला जवळजवळ रिकामे केले, तळाशी थोडेसे ठेवले, आणि हातांनी मटण कालवायला सुरुवात केली. त्यांच्या अंगठ्याला सुरीची लहानशी चीर पडलेली होती. ते एकदम कळवळले आणि हात झटकला. मग अंगठ्याकडे पाहून स्वतःशीच म्हणाले, "व्हिनेगर आहे, चरचरणारच." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिथून मला अंगणही दिसते आणि स्वयंपाकघरही. न दिसते तर बरे झाले असते.

थोड्या वेळाने ड्रायव्हरकाका स्वतःच डोकावले. कामाचा शेवटचा दिवस म्हणून गणवेशाला कडक इस्त्री केली होती. म्हणाले, "मामा, आज बायको आणि सून पण येतायत बरं का. इतकी वर्षं घरी जाऊन तुमच्या मटणाचं गुणगान गातो, बायको म्हणते, एकदा दाखवा तरी. तिला पोटाचा जरा त्रास आहे, बाहेरचं खात नाही. पण म्हटलं, मामांकडे काळजी नाही."

"या या," मामा म्हणाले. "सगळ्यांना आणा."

त्या माउलीच्या दुखऱ्या पोटात हे जहाल मटण जाणार होते. मी झाकणाकडे टक लावून बसले. आत काय चालले असेल ते मला कळत होते, कारण ते चालवणारे माझ्याच पोटातून गेले होते.

सकाळ सरत आली तेव्हा मामांनी मटण हलवायला झाकण काढले आणि त्यांचा हात जागच्या जागी राहिला. तुकड्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी एक तुकडा दाबून पाहिला. वरचा थर बोटाखाली दोऱ्यादोऱ्यांनी सुटत होता. मामांनी वाकून वास घ्यायचा प्रयत्न केला, खराखुरा, छाती भरून. भट्टीच्या धुराने त्यांना फक्त खोकला आला.

ते काय करतील असे तुम्हाला वाटते? ताईला हाक मारतील? मलाही तसेच वाटले होते. पण घाबरलेला माणूस आधी झाकपाक करतो. त्यांनी दाराकडे पाहिले, पातेले मोरीत नेले आणि मटण पाण्याने धुतले. पुन्हा धुतले. आणखी एकदा धुतले. मसाला वाहून गेला तो नव्याने लावला. पण पांढरे पडलेले मटण धुऊन लाल होत नाही. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. त्यांनी मला उचलले, मोरीवर तिरके धरले. तळाशी उरलेले ते थोडेसे व्हिनेगर ओतून टाकले असते की सगळा पुरावाच गेला असता. तेवढ्यात ताईची पावले वाजली आणि त्यांनी मला घाईघाईने कट्ट्यावर ठेवले. माझे बूड दगडावर एवढ्या जोरात आपटले की मला वाटले, आज आपले दिवस भरले.

ताई सळया घेऊन आली होती. पातेल्यात पाहून ती म्हणाली, "बाबा, याचा रंग असा का?"

"बघ ना," मामा म्हणाले. एवढेच.

ताईने एक तुकडा उचलून हुंगला. एवढ्या वेळा धुतल्यावर त्याला काय वास उरणार? "व्हिनेगरचा वास तर बेताचाच येतोय," ती म्हणाली. "आणि तुम्ही बघितलंच होतं. म्हणजे व्हिनेगर ठीक आहे. मग मटणच खराब निघालं. आज चाळीस माणसं आहेत म्हटल्यावर त्याने जुनं आमच्या गळ्यात मारलं. थांबा, बघतेच त्याला."

मामांनी तोंड उघडले आणि मिटले. तोवर ताई चपला घालून रस्त्यापलीकडे गेलीसुद्धा.

मटणवाला समोरच राहतो. त्याच्या वडिलांपासून हे दुकान त्यांच्याकडूनच मटण घेते. तो तसाच, डागाळलेल्या एप्रनवर आला. आवाज चढवणारा माणूस नव्हे तो. पातेल्यात पाहून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, पहाटे तुमच्या समोर कापलं की मी. तुम्हीच तर तुकडे निवडलेत."

"मग हे काय आहे?"

"मला नाही कळत. पण जुनं मटण मी तुम्हाला देईन का? या घरात?"

"मीही तेच म्हणत होते. आजपर्यंत."

हाताशी काही काम नसल्यासारखा मटणवाला एप्रनची गाठ सोडू लागला, पुन्हा बांधू लागला. बाहेर टेबलापाशी चहा पीत बसलेली दोन माणसे माना लांब करून आत पाहू लागली. मग तो हळूच म्हणाला, "मी बदलून देतो. पैसे नकोत. पण लोकांसमोर एवढं बोलू नका, ताई. माझा धंदा आहे."

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना अजून पक्के ठाऊक नव्हते, हे लक्षात घ्या. चूक व्हिनेगरची की मटणाची, हे सांगणारे नाक आता त्यांच्याकडे नव्हते. मटणाची असेल, अशी वेडी आशा त्यांनी मनाशी धरली होती. त्या आशेला धरून ते गप्प राहिले असते, तर ताईला कधीच काही कळले नसते. पातेले त्यांचेच राहिले असते. फक्त समोरचा तो माणूस एप्रनची गाठ बांधत घरी गेला असता.

मामा पुढे आले. त्यांनी मला कट्ट्यावरून उचलले. मग मांडणीवरचा एक चमचा घेतला, त्यात तळाचे थोडे व्हिनेगर ओतले, आणि ताईच्या आणि मटणवाल्याच्या देखत चमच्याच्या कडेला जीभ लावली.

ताईचा हात हवेतच राहिला. मटणवालाही बघत राहिला. चाखणाऱ्याची मामा किती थट्टा करतात, हे त्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते?

मामांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आले. मटणवाल्याने पटकन तांब्या पुढे केला. "मामा, आधी पाणी प्या."

मामा पाणी प्यायले. चमचा खाली ठेवला. "मटणाला दोष देऊ नकोस," ते ताईला म्हणाले. "हे पाणी न घातलेलं व्हिनेगर आहे. सगळं मी ओतलं. मला कळलं नाही, कारण मला वास येत नाही."

"वास येत नाही म्हणजे?"

"तापापासून. काहीच येत नाही."

ताई पाटावर बसली. मला वाटले, आता ती बापाच्या गळ्यात पडेल. पण ती रागावली, मित्रांनो, आणि तिचे रागावणे बरोबरच होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. दोनदा विचारलं. पाणी मी विसरले, ती माझी चूक. पण तुम्ही ठीक आहे म्हणालात. चाळीस माणसं हे खाणार होती."

"म्हणालो."

"का?"

"खरं सांगितलं असतं तर तू मला इथून उठवलं असतंस."

खोटे बोलायची तिला सवय नाही. "उठवलं असतं," ती म्हणाली. "बहुतेक उठवलं असतं."

मामांनी मान हलवली. आपल्याला वाटत होते ते खरेच निघाले, याचे एक विचित्र समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग ताई उठली, मटणवाल्यासमोर गेली आणि दोन्ही हात जोडले. बाहेरच्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "दादा, चूक आमच्या घरातली होती. तुमचं मटण चांगलंच होतं." मटणवाला अवघडून म्हणाला, "असू द्या, असू द्या. आता वेळ किती आहे ते सांगा. मी पातळ कापून देतो, लवकर मुरेल."

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी सारखी कोणाच्या ना कोणाच्या हातात होते. ताईने मला कॅनमधून भरले आणि जगात ओतले. मग मला तीनदा पाण्याने भरून त्यात रिकामे केले. जग मामांपुढे ठेवला. मामांनी चमचा बुडवून जिभेला लावला. त्यांचे कान लाल झाले होते, शरमेने की आंबटाने कोण जाणे.

"अजून पाणी," ते म्हणाले.

"दुकानदार तीन म्हणाला होता."

"लालला द्राक्षाचा गोडवा होता. याला तो नाही. मटण पातळ आहे, हे त्याला फार होईल."

ताई घुटमळली. या माणसाने सकाळीच तिला ठीक आहे म्हणून सांगितले होते. आता त्याच्या शब्दावर पाणी ओतायचे की नाही? मी श्वास रोखून पाहत होते. मग तिने दुसरा चमचा घेतला, स्वतः चाखले, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "हो. अजून अर्धी बाटली घालू." मामांनी चिमूटभर साखर सुचवली. दोघांनी पुन्हा चाखले. त्या स्वयंपाकघरात इतकी वर्षे कोणी व्हिनेगर जिभेला लावले नव्हते, आणि आता बाप आणि लेक दोघे शिकाऊंसारखे चमचे चाटत उभे होते.

जेवणाला उशीर झाला. माणसे ताटकळली. मामांनी स्वतः बाहेर जाऊन ड्रायव्हरकाकांना सगळे सांगितले, वास येत नाही हेही सांगितले. काकांच्या बायकोला त्यांनी विचारले की आंबट सोसेल ना, आणि तिच्यासाठी व्हिनेगर न घातलेले थोडे कोवळे मटण वेगळे भाजले. मग पहिली सळई काकांच्या ताटात आली. मी कट्ट्यावरून डोळे लावून बसले होते. काकांनी एक तुकडा खाल्ला. सावकाश खाल्ला.

"मामा," ते म्हणाले, "हे ते नाही."

"नाही," मामा म्हणाले. "ते आता व्हायचं नाही."

काकांनी मान डोलावली आणि दुसरा तुकडा घेतला. त्यांची बायको म्हणाली, "यांचं गुणगान ऐकून मला वाटलं होतं, कुठलं अमृत मिळणार. साधं मटण आहे. पण मऊ आहे हो." सगळे हसले. ताटे रिकामी होत गेली. वाहवा कोणी केली नाही, पण कोणी ताटात टाकलेही नाही. माझ्यासारखीला यापेक्षा मोठे सुख ते काय!

रात्री मात्र मला झोप आली नाही. उद्या कोणाच्या हातात जाणार, हा एकच घोर. ताईने संध्याकाळभर पातेल्याविषयी चकार शब्द काढला नव्हता, आणि मामांनीही विचारले नव्हते.

सकाळी मामा नेहमीपेक्षा उशिरा आले. अंगणात न जाता ते पुढच्या खोलीत एका खुर्चीत जाऊन बसले, कोणी न सांगताच. ताईने मटण पातेल्यात घेतले, लसूण ठेचला, मिरे भरडले. व्हिनेगर कालवून माझ्यात भरले. आता ती बूच काढून ओतेल, असे मला वाटले. पण ती पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही बसलात काय? मटण केव्हाचं तयार आहे."

"तूच घाल."

"मला नुसतं उग्र वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. उठा. दोन चमचे काढून ठेवलेत."

मामा लगेच उठले नाहीत. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि आत आले. त्यांनी आधी चाखले. ताईने नंतर चाखले. "काय म्हणता?" तिने विचारले. मामा ठीक आहे म्हणाले नाहीत. "थांब," ते म्हणाले, "पुन्हा एकदा बघतो."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी अजून त्याच कट्ट्यावर आहे आणि अजून काळजी करते, तो माझा स्वभावच आहे. तुम्हाला दोन गोष्टी मागते. बाटलीत काही भरलेत तर काय भरले ते वर चिठ्ठीवर लिहून चिकटवा. पण हे एक वेळ विसरलात तरी चालेल. तुमच्या घरातही कोणाचे काहीतरी हळूहळू उणे होत असेल. कोणाला कमी ऐकू येत असेल, कोणाला कमी दिसत असेल, कोणाला आठवत नसेल. ते लपवण्यासाठी तो माणूस रोज तुम्हाला ठीक आहे म्हणून सांगत असेल. त्याच्या हातातले पातेले काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी दुसरा चमचा घेऊन उभे राहा.